पात्याची पत्रिका

केरिस म्हणजे जावाची कट्यार. तो हातात आला की माणूस आधी काय करतो, तर पात्याच्या लाटा मोजतो. सोलोच्या केरिस-संग्रहालयातली काच असो, त्याच गावातल्या त्रिविंदूच्या जुन्या बाजारातलं दुकान असो, नाहीतर कुणाचा दिवाणखाना असो, बोट पात्यापासून इंचभर दूर धरायचं, ओठ हलवायचे आणि टोकाला पोचलं की आकडा जाहीर करायचा : "बारा!"

बारा कधीच नसतात. जावाच्या केरिसला वळणं असतात तीन, पाच, सात, नऊ, अकरा नाहीतर तेरा. विषमच. मुठीजवळच्या पहिल्या वळणापासून डावं-उजवं करत टोकाकडे जायचं. पहिलं आणि शेवटचं वळण एकाच अंगाला येतं, त्यामुळे बेरीज सम होऊच शकत नाही. टोकाजवळचं शेवटचं वळण इतकं पुसट असतं की नवख्याच्या नजरेतून ते हमखास निसटतं, आणि तेराचे बारा होतात. हे समजावून सांगितलं तरी माणूस ऐकत नाही. तो पुन्हा मोजतो, पुन्हा बारा येतात, आणि मग तो त्या बिचाऱ्या पात्याकडे संशयाने बघायला लागतो.

गंमत अशी की ज्या लाटांसाठी केरिस जगभर ओळखला जातो, त्या नसलेले केरिसही ढिगाने आहेत. अगदी सरळ. जुन्या घराण्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कितीतरी पाती सरळसोट असतात. पण पर्यटकाला सरळ केरिस दाखवला की त्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. दुकानदारही शहाणे. ते सरळ पाती आतल्या कपाटात ठेवतात आणि दर्शनी भागात एकोणीस वळणांचं काहीतरी टांगतात. तेराच्या वर वळणं गेली की जाणकार त्याला 'कालाविजा' म्हणतात, म्हणजे रीतीबाहेरचं, क्वचित घडवलेलं. क्वचित घडवलेली ही वस्तू दर चौथ्या दुकानात कशी काय मिळते, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही. पडला तर ते गिऱ्हाईक कसलं.

आमच्या ताईचे यजमान कापडगिरणीच्या नोकरीत जावात बरीच वर्षं काढून पुण्याला परतले, ते चार केरिस आणि एक आवाज घेऊन. हा आवाज फक्त केरिसबद्दल बोलताना लागतो. एरवी भाऊजी भाजीवाल्याशीसुद्धा पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलतात. पण केरिसची गोष्ट निघाली की एकदम खर्जात जातात आणि मधेमधे थांबतात. त्या थांबण्याला फार किंमत आहे. संग्राहकाच्या ज्ञानातला निम्मा भाग त्या थांबण्यातच असतो, असं माझं मत होत चाललं आहे.

भाऊजी केरिस दाखवतात त्याचा एक विधीच असतो. कापडी पिशवीतून म्यान बाहेर निघतं. ते दोन्ही हातांनी कपाळाला लागतं. मग पातं म्यानातून उपसायचं नाही, तर पातं धरून ठेवून म्यान हळूच मागे सरकवायचं. एवढं झालं की भाऊजी डाव्या हातात केरिसची मूठ धरतात, उजव्या हाताच्या नखाने पात्यावर टिचकी मारतात आणि पातं कानाशी नेतात. लोखंडाची प्रत अशी नादावरून ओळखायची जावात खरोखरच पद्धत आहे. चांगलं ठोकलेलं, मधे कुठे फट न राहिलेलं पातं स्वच्छ, लांब वाजतं. भेगाळलेलं बद्द वाजतं.

"ऐकलंत?" भाऊजी खर्जात विचारतात.

"हो."

"काय ऐकलंत?"

इथे उत्तर द्यायचं नसतं. मान हलवायची असते. मात्र एकदा स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "अहो, दाराची बेल वाजली का? बघा बरं, गॅसवाला असेल."

भाऊजींनी पातं खाली ठेवलं. "हा मजापहितचा," ते मला म्हणाले.

"कशावरून?"

ते थांबले. "चेहऱ्यावरून."

मला हसू आलं, पण भाऊजी थट्टा करत नव्हते. केरिसचं वय आणि गाव ठरवायची जी विद्या आहे तिला 'तांगुह' म्हणतात, आणि तिचा खुलासा कुठलाही जाणकार साधारण याच शब्दांत करतो. लोखंड कोरडं आहे की ओलं, रंग काळपट आहे की निळसर, पातं बारीक अंगाचं आहे की भरदार, मुठीजवळ ते पुढे झुकलंय की ताठ उभं आहे, या सगळ्याचा मिळून जो ठसा उमटतो त्यावरून म्हणायचं : पाजाजारान, मजापहित, तुबान, ब्लांबांगान, मातराम, सुराकार्ता. पात्यावर सन नसतो, सही नसते, गावाचं नाव नसतं. तारीख कोरलेला केरिस इतका दुर्मीळ की त्याला स्वतःचं नाव मिळतं. जावातले एक संस्थानिक पाकू आलम पाचवे यांनी १८८३ मध्ये क्नॉड नावाच्या एका डच गृहस्थाला असा एक केरिस भेट दिला. त्यावर शके १२६४ आहे. आपल्या पंचांगातलाच शक तो, त्यामुळे अठ्ठ्याहत्तर मिळवायला मराठी माणसाला वेळ लागत नाही : १३४२. हा केरिस मधे कित्येक वर्षं बेपत्ताच होता. पुढे तो अ‍ॅम्स्टरडॅमच्या ट्रोपेनम्युझियममध्ये दिसू लागला.

बाकी सगळे केरिस बिनतारखेचे. त्यामुळे तीन जाणकार एकत्र बसले की एका पात्याची चार जन्मगावं निघतात, आणि चौथं सांगणारा पहिलाच असतो, चहानंतर. विकणाऱ्याला मात्र कधीच शंका नसते. त्याच्याकडचा प्रत्येक केरिस मजापहितचाच असतो. या हिशेबाने जावाच्या त्या जुन्या साम्राज्यात प्रजा थोडी आणि लोहार फार, अशी परिस्थिती असली पाहिजे.

आता भाऊजींचं थोडं कौतुकही केलं पाहिजे, कारण ते लाटा मोजत नाहीत. खरा जाणकार पात्याची खालची चार बोटं बघतो. मुठीला लागून पातं एका अंगाला रुंद होतं, आणि केरिसची सगळी कारागिरी त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेली असते. पुढच्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा एक आकडा. त्याच्या खाली इवलीशी दोन टोकं, ती हत्तीच्या ओठांच्या नावाने ओळखली जातात. वर एक बारीक खाच, ती भुवई. सोंडेच्या पाठीवर कधीकधी दाते असतात, ती दाढी. शेजारी अंगठा दाबल्यासारखा खळगा. मधे दोन लांब पन्हळी. आणि मागच्या अंगाला करवतीसारखी नक्षी, तीत जावी लिपीतलं 'ध' अक्षर ओळीने कोरलेलं. हत्ती, भुवई, दाढी आणि बाराखडी इतकं सगळं तीन इंचांत. यातलं कुठलं आहे आणि कुठलं नाही यावरून केरिसचं नाव ठरतं, आणि अशी नावं शेकड्यांनी आहेत.

भाऊजींनी भिंग दिलं आणि मी ती 'ध'ची ओळ पाहिली. दोन अक्षरं ओळखू येत होती, तिसऱ्याचा फक्त खालचा पाय उरला होता, चौथं गेलंच होतं. कडा मऊ झालेल्या. लोखंडाचा थर खाल्ला गेला होता आणि मधलं पोलाद किंचित वर उठून दिसत होतं. नवीन बनावट केरिसमध्ये पातं भयंकर जुनाट, गंजाने कुरतडलेलं दिसतं आणि हीच अक्षरं मात्र कालच कानशीने काढल्यासारखी टोकदार असतात. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडात दुधाचे दात दिसले तर जी शंका यावी, ती इथे यायला हवी.

झीज येते कुठून, तर स्नानातून. जावी वर्षाचा पहिला महिना सुरो, तो मुहर्रमबरोबर येतो. सुलतान आगुंगने १६३३ मध्ये शकाचा आकडा तसाच पुढे चालू ठेवून महिने चांद्र केले, तेव्हापासूनचा हा मेळ आहे. त्या महिन्यात केरिस न्हाऊ घालतात. नारळाचं पाणी, लिंबाचा रस, आणि रिठा. होय, आपला रिठाच, त्याचा तिकडचा भाऊबंद. घासून घासून पातं चांदीसारखं पांढरं झालं की मग त्यावर लिंबाच्या रसात कालवलेलं सोमलाचं खनिज चोळतात, मनशीळ-हरताळाच्या जातीचं. त्याने लोखंड काळं पडतं आणि लोखंडात ठोकलेलं निकेलयुक्त धातूचं जाळं पांढरंच राहतं. ही जी काळ्यावर पांढरी नक्षी उमटते ती 'पामोर'. दरवर्षी एवढी आंबट आंघोळ घातल्यावर दोन-तीनशे वर्षांत पातं हडकणारच. म्हणून जुना केरिस हातात घेतला की अपेक्षेपेक्षा हलका लागतो. भाऊजींना हे सगळं तोंडपाठ आहे, पण सोमल घरात आणायचा विषय त्यांनी काढला तेव्हा ताईने त्या बेतावर साधाच हरताळ फासला.

पामोर हा स्वतंत्र व्यसनाचा विषय आहे. लोखंड आणि निकेलवालं लोखंड एकावर एक ठेवून ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. दर घडीला थर दुप्पट होतात, दोनाच्या सातव्या पायरीवर एकशे अठ्ठावीस. मधे पोलादाचं पान घालायचं. हात आपोआप चालेल तशी नक्षी उतरली तर ती 'बेरास वुताह', सांडलेले तांदूळ. भाऊजींच्या भाषेत अक्षता. ही भरभराटीची. मुद्दाम गोल गोल वर्तुळं पाडली तर 'उदान मास', सोन्याचा पाऊस. हा व्यापाऱ्यांना लाभतो म्हणतात. साहजिकच सोन्याच्या पावसाला मागणी फार, आणि जिथे मागणी फार तिथे पाऊसही फार. साध्या लोखंडावर मेणाने वर्तुळं काढून तेजाबात बुडवलं तरी लांबून पाऊस पडल्यासारखा वाटतो. थरांची खरी रेघ पात्याच्या उतरत्या कडेपर्यंत जाऊन तिथे कापली जाते. काढलेली रेघ कडेच्या आधीच शहाण्या मुलीसारखी थांबते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बरेच पैसे वाचतात.

आणि तो धातू कुठला? भाऊजी यावर वर बोट दाखवतात. अठराव्या शतकात प्रंबाननजवळ एक उल्का पडली होती. तिचा मोठा धोंडा सुराकार्ताच्या, म्हणजे सोलोच्याच, राजवाड्यात नेऊन ठेवला आणि दरबारी लोहारांनी त्यातला धातू केरिसमध्ये वापरला, हे खरंच आहे. शिवाय सुलावेसीतल्या लुवूचं निकेलवालं लोखंड यायचं, आणि पुढे युरोपातून सरळ निकेलच यायला लागलं. पण दुकानात 'युरोपातून आलेलं निकेल' म्हणून केरिस खपत नाही. तिथे सगळं आकाशातूनच आलेलं असतं. आजवर उल्केचे म्हणून विकले गेलेले केरिस एकत्र वितळवले तर आणखी एक लहानसा ग्रह सहज होईल.

केरिस विकत घेतात असं मात्र म्हणायचं नाही. तो पाहायला जातात. जावातले संग्राहक किंमत हा शब्द तोंडातून काढत नाहीत, 'महार' म्हणतात, म्हणजे लग्नात वराने वधूला द्यायची रक्कम. आणि खरोखरच तो सगळा प्रकार आपल्याकडच्या स्थळं पाहण्यासारखा चालतो. आधी कुळ विचारायचं. मग उजेडात नेऊन कांती बघायची. मग दोष शोधायचे, पण तोंडावर बोलायचे नाहीत. समोरचा सांगणार की हे घराण्यातलं, बाहेर कुणाला दाखवलेलं नाही. आपण म्हणायचं, घरी विचारून सांगतो. आणि शेवटी पत्रिका. केरिस आणि धनी यांचं जुळलं पाहिजे, नाहीतर घरात अशांती. त्यासाठी रात्री केरिस उशाखाली घेऊन झोपायचं आणि स्वप्न काय पडतं ते बघायचं, अशी जुनी रीत आहे. ही रीत मला अतिशय व्यवहारी वाटते. महार जास्त वाटला तर सकाळी हात जोडून एवढंच म्हणायचं : "स्वप्न काही बरं पडलं नाही." कुणाचा अपमान नाही, कुणाला दुखवणं नाही.

मलायात दुसरी तऱ्हा होती. तिथे पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत एकाआड एक अंगठे ठेवत जायचे, तोंडाने शुभ-अशुभाचे शब्द म्हणायचे, आणि टोकाला जो शब्द येईल ते त्या केरिसचं फळ. त्यामुळे एकच पातं जाड अंगठ्याच्या माणसाला भाग्याचं आणि किरकोळ अंगठ्याच्या माणसाला विनाशाचं निघू शकतं. आता कुणी म्हणेल, ही काय परीक्षा झाली? पण केरिसच्या जगात आधी तर्क आणि मग केरिस असा क्रम नसतो. मलायात जकात खात्यात नोकरीला असलेल्या जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रजाने १९३६ मध्ये केरिसवर एक पुस्तक लिहिलं. या विषयातल्या जुन्या पुस्तकांत त्याचं नाव अजून घेतलं जातं. नोकरी संपवून हा गृहस्थ इंग्लंडात परतला आणि तिथे त्याने आधुनिक चेटूकपंथ स्थापन केला. विक्का म्हणतात तो हाच. हे मी ताईला सांगितलं नाही. भाऊजी आधीच अमावास्येला पिशव्या बदलतात.

सगळ्यात मजा येते ती 'जरा वेगळा' केरिस शोधणाऱ्यांची. पहिले दोन-तीन केरिस झाले की संग्राहकाला साधं काही नको असतं. मग तो दोष गोळा करायला लागतो आणि त्यांना वैशिष्ट्य म्हणतो. ठोकताना दोन थर नीट जुळले नाहीत आणि मधे आरपार भोक पडलं, उजेडाला धरलं की पलीकडचं दिसतं. अशा पात्याला 'चोंबोंग' म्हणतात आणि ते जवळ असलं की बायका वश होतात असा समज आहे. भाव चढतो. आणि तेच थर जुळले नाहीत पण भोकाऐवजी लांबट चीर गेली, तर तो 'पेगात वाजा', पोलाद तुटलं. भाव कोसळतो. लोहाराची चूक एकच. ती गोल झाली तर कंदर्प, लांब झाली तर कचरा.

पात्याच्या बुडाशी जी आडवी पट्टी असते ती वेगळी घडवून खालून बसवलेली असते. तिला 'गांजा' म्हणतात (हे नाव भाऊजींनी लग्नाच्या पंगतीत मोठ्याने घेतलं तेव्हा शेजारचे दोघे उठून गेले). क्वचित ती पात्यातच एकसंध घडवतात. एकसंध म्हणजे दुर्मीळ, म्हणून महाग. दोन तुकडे नीट जुळवायचा कंटाळा आलेल्या नवशिक्या कारागिराचं कामही एकसंधच असतं, पण तो विचार दुकानात येत नाही. उलटपक्षी, एकसंध पात्यावर तासणीने एक रेघ मारून दोन तुकडे असल्याचा भासही करतात. रेघेत नख घालून बघावं. खरी सांध पात्याच्या पोटातून जाते, खोटी वरच्यावर फिरून घरी येते.

मग आहे 'मजापहित केरिस' या नावाने युरोपात मिरवलेला प्रकार. इवलासा, आणि मूठ म्हणजे त्याच लोखंडातला वाकून बसलेला माणूस. साहेबलोकांनी हा मजापहितचा आद्य केरिस म्हणून काचेत ठेवला. जावातल्या लोकांच्या लेखी तो 'केरिस साजेन', गावशुद्धीच्या वेळी नैवेद्यात ठेवायचा. आपल्याकडच्या देवीला वाहिलेला पितळी डोळा कुणी लंडनमध्ये पेशव्यांचा चष्मा म्हणून ठेवावा, तशातली गत. त्याहून भाव खातात ते बोटांचे ठसे उमटलेले केरिस. न्यी म्बोक सोंब्रो नावाची एक लोहारीण होती आणि ती तापलेलं लोखंड नुसत्या बोटांनी चिमटून पातं घडवायची, अशी दंतकथा आहे. तिच्या नावावर सांगितलेल्या केरिसच्या मुठीत जाणाऱ्या दांड्याला शेवटी भोक असतं. ती म्हणे दोरीत ओवून केरिस विकायची. ही कथा मला सगळ्यात आवडते. इतर सगळे लोहार राजाच्या दारात, आणि ही बाई केरिसची माळ घेऊन बाजारात.

कथांना तोटा नाहीच. मपु गांद्रिंगची तर तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. केन आरोकने केरिस घडवायला सांगितला, गांद्रिंगने वर्षभराची मुदत मागितली, आरोक पाच महिन्यांत दारात हजर. काम अपुरं बघून त्याने त्याच केरिसने लोहाराला संपवलं. मरता मरता गांद्रिंगने शाप दिला की हा केरिस आणखी मुडदे पाडेल, तुझ्यासकट. आरोक १२२२ मध्ये सिंगासारीचा राजा झाला, आणि पारारातोन या ग्रंथातल्या हकिगतीप्रमाणे शेवटी त्याच केरिसने मेला. त्या केरिसचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. तो 'मिळाला' म्हणणारा कुणी भेटला तर पाकीट आतल्या खिशात ठेवावं.

मराठी माणूस या सगळ्यात शिरला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं, आणि तिथेच पंचाईत होते. केरिसच्या एका घाटाचं नाव पासोपाती, म्हणजे अर्जुनाचं पाशुपत. पाच वळणांच्या एका घाटाचं नाव पांडवा. तेरा वळणांच्या एकाचं नाव नागसास्रा. लावू डोंगराच्या उतारावर पंधराव्या शतकातलं सुकुह देऊळ आहे. तिथल्या एका शिल्पात भीम लोहारकाम करतोय, अर्जुन भाता मारतोय आणि मधे गणपती चक्क नाचतोय. भीम रसरसतं पातं नुसत्या हातात धरून बसलाय, सांडशी नाही. हे पाहून आपले लोक हरखतात आणि लगेच म्हणतात, "म्हणजे हे सगळं मूळचं आपलंच!" नावं आपल्या ओळखीची आहेत, एवढंच. एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला आखूड असा तिरपा घाट, हा थरांचा हट्ट, ही चार बोटांतली बाराखडी जावाची. भीमाला भाता मारणारा अर्जुन मिळाला, म्हणून भट्टी कुरुक्षेत्रात गेली असं होत नाही.

ओळखण्याच्या बाबतीत थोरामोठ्यांचीही कशी तारांबळ उडते त्याचा अलीकडचा दाखला दिपोनेगोरोच्या केरिसचा. पाच वर्षं डचांना सळो की पळो करून सोडणाऱ्या या राजपुत्राला १८३० मध्ये पकडलं. त्याचा केरिस नेदरलँड्सच्या राजाकडे गेला, संग्रहांतून फिरला, आणि इतर केरिसच्या गर्दीत कोणता तेच कुणाला सांगता येईना. जुनी पत्रं धुंडाळून अभ्यासकांनी अखेर लायडनच्या संग्रहालयातल्या एका पात्यावर बोट ठेवलं आणि मार्च २०२० मध्ये ते इंडोनेशियाला परत केलं. समारंभ झाला, छायाचित्रं छापून आली, आणि ती बघताच जावातल्या केरिसवाल्यांनी भिंगं काढली. कागदपत्रात नाव आहे नाग सिलुमान. नाग सिलुमानमध्ये नागाचं फक्त डोकं दिसतं, अंग पात्यात विरून जातं. यात तर नागाचं अख्खं अंग वळणावळणाने वर गेलंय! हा तर नागसास्रा! दोन देशांची सरकारं, तज्ज्ञांची समिती, शिक्के, सह्या; आणि वाद अडला नागाच्या शेपटीवर. भाऊजी त्या काळात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असायचे. त्यांचा पक्ष कोणता ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, कारण प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते.

तेव्हा वाचकांपैकी कुणी जावाला निघाला असेल आणि डोक्यात केरिस घ्यायचं आलंच असेल, तर थोडं ऐकावं. एकोणीस वळणं, आरपार भोक, नाग, सिंह, सोन्याचं पाणी, बोटांचे ठसे, शापाची हकिगत, यातल्या दोनहून अधिक गोष्टी एका पात्यात दिसल्या तर चहा घेऊन उठावं. पहिला केरिस सरळ घ्यावा. 'तिलाम उपिह' नावाचा एक साधा घाट आहे. ना सोंड ना पन्हळी, फक्त भुवई आणि अंगठ्याचा खळगा. संसारी माणसाच्या घरात शांतता नांदवणारा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि तो दुर्मीळ नसल्यामुळे त्याची नक्कल करण्यात फारसा नफा नाही. त्यावर सांडलेल्या तांदळांचा पामोर असला की झालं. आपल्याकडच्या शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब पातं हत्यारात मोडतं आणि केरिस फूटभर तरी असतोच, तेव्हा परवाना आणि जकातीची चौकशी निघण्याआधी करावी, विमानतळावर नव्हे.

आणि जुन्याचा फार मोह नसेल तर नवाच घ्यावा. १९४५ नंतर, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर घडलेल्या केरिसना तिथे 'कामार्दिकान' म्हणतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. मादुरा बेटावर सुमेनेपजवळ आएंग तोंग-तोंग गावात घरोघर भट्ट्या आहेत. योग्याकार्ता आणि सोलोकडेही निष्णात हात आहेत. तिथे जाऊन समोर बसून घडवून घेता येतो. वय, गाव, घडवणारा कोण, याबद्दल कसलाही वाद उरत नाही. लोहाराने मागितली ती मुदत द्यावी. पावती मिळते.